गच्चीवर झालेली बोलणी

सावली गावच्या टापूत मला बोलण्यात हरवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे! शाळा मी दुसरीपर्यंतच शिकले, कारण तिसरीच्या मास्तरांनी माझ्या बापापुढे हात जोडले. तर आमच्या लेकीचं, वच्छलेचं लग्न निघालं, तसं मी गावभर सांगून टाकलं, की लग्न होईल तर माझ्याच अंगणात! मुलाचे वडील, चिमूरचे सोमाजी, वरात घेऊन इथे येतील आणि मुकाट्यानं येतील. विहिरीवर सांगितलं, बाजारात सांगितलं, देवळात तर देवालासुद्धा सांगितलं, विचारलं नाही.

आता अंगण मिरवायचं तर अंगणात मिरवण्यासारखं काही पाहिजे. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली त्यानंतरच्या वर्षा-दोन वर्षांतली ही गोष्ट. आमचा गुणवंत तेव्हा मुंबईला घरांचे नकाशे काढायच्या शाळेत होता. दिवाळीला आला तो काखेत कागदांच्या गुंडाळ्या घेऊन. मास्तरांनी सांगितलं होतं, आपल्या गावात एक इमारत काढा, पण आधी जागेला विचारा. जागा सांगेल तशीच काढा.

जागेला विचारा! पोरगं दिवसभर अंगणात काठी रोवून तिच्या सावलीकडे बघत बसे. मधेच बोट ओलं करून हवेत धरी. आमची शेजारीण रुखमाबाई कुंपणावरून म्हणाली, "मनकर्णाबाई, पोराले बाहेरचं लागलं वाट्टे. अंगारा आनून देऊ का?"

"तुह्याच पोराले लाव, मॅट्रिक तरी होईन!" मी म्हटलं, आणि ती पडवळासारखी लोंबत्या तोंडानं घरात गेली.

पण गुणवंतालाही मी सोडलं नाही. "कागदावर कायले काढून राह्यला? खरीच बांध. पाहुण्यांले बसाले बैठक पायजेच. नागपूरसारखी, सरळ चौकोनी. अन् ते मोहाचं झाड मधात येते, त्याले पाड."

"आई, मोह पाडाचा नाई. जागा म्हणते, मोह इथी पयले आला."

"जागा म्हणते? अन् आई म्हणते ते काई नाई?"

"घरच वाकवतो नं मी!"

आणि खरंच वाकवलं! मोहाला वळसा घालून बैठक अशी बांधून घेतली, जसा माणूस कोपर दुमडून निजतो. वर सपाट गच्ची. मोहाची फुलं थेट गच्चीवर पडावीत, आईला पालापाचोळ्यात वाकून वेचावी लागू नयेत म्हणून! जिना बाहेरून, नाल्याच्या बाजूला, कारण गार वारा तिकडून येतो. पायऱ्या रुंद आणि बुटक्या, कारण आईचे गुडघे दुखतात. मी तर हरखून गेले. गावातल्या प्रत्येक बाईला त्या जिन्यावरून एकदा वर नेलं आणि खाली आणलं. रुखमाबाईला दोनदा.

चैतात सोमाजी आले. उंच, हाडकुळे, नाकावर जाड भिंगांचा चष्मा, सोबत स्वतःचं अंथरूण आणि स्वतःची मच्छरदाणी. मुलगा चांगला होता. वच्छलेनं त्याला चिमूरच्या घोडायात्रेत बघितला होता आणि तेव्हापासून ती भातात मीठ दोनदा घालत होती. मुलगी त्यांनाही पसंत पडली. राहिलं होतं एकच, लग्न कुणाच्या दारी? मी म्हटलं, पाहुणे थकलेत, बोलणी सकाळी चहा झाल्यावर. मनात सगळे शब्द धार लावून ठेवले होते. सोमाजींचं अंथरूण मानानं गच्चीवर टाकलं.

"वारा मोठा गार हाये हो!" वरून आवाज आला.

"जागेले इचारून बांधली हाये!" मी खालून ओरडले.

पहाटे मी टोपली घेऊन अंगणात आले. गच्चीवर पाहुणे, म्हणून खाली पडलेला मोह तरी वेचावा म्हटलं. उजाडायला लागलं होतं. तेवढ्यात वरून सोमाजींचा आवाज.

"बाई, इतक्या पहाटेच मोह येचून राह्यल्या? झोपा नं थोडंसं."

मी चमकले. मी तर खाली होते! मान वर केली, आणि माय माझी! गच्चीवर, मच्छरदाणीपासून चार हातांवर, काळी घोंगडी पांघरलेल्या बाईसारखं वाकून एक अस्वल मोहाची फुलं वेचून खात होतं! आमच्याकडच्या बाया पहाटे अशाच घोंगड्या घेऊन मोह वेचतात. सोमाजींचा चष्मा उशाशी आणि मधे मच्छरदाणी. त्या माणसाची तरी काय चूक?

मी तोंड उघडणार, इतक्यात गुणवंतानं मागून येऊन दंड धरला. "आई, बोलू नको! बिचकलं तर फाडन त्याईले!"

मी! बोलू नको!

वर सोमाजी उठून बसले होते. "बाई, आता कोणी नाई तवाच सांगतो. लग्न आमच्या दारी, चिमुरात. चालते ना?"

"हुंफ्," अस्वल म्हणालं.

"मी तर समजलो भांडान! लोकायनं मले तुमच्या तोंडाचं लई भेव घातलं होतं बाई."

मी खाली पदर तोंडात कोंबला. गुणवंतानं दुसरा दंडही धरला. माझे मालक रामाजी लोटा घेऊन दारात आले, त्यांनी वर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि लोटा तसाच धरून उभे राहिले.

"दुसरं," सोमाजींना आता जोरच चढला, "दिवाळीवरी पोरीच्या सासरी याचं नाई."

"हुंफ्."

"अन् आमच्या घरच्या भाजीले नावं ठेवाचे नाई."

इथे मी जवळजवळ सुटलेच होते! पण अस्वलाला तेव्हाच फुलांचा मोठा ढीग सापडला. त्यानं असा लांब भुरका मारला, सुर्रर्रर्र!

"आता रडता काऊन बाई? पोरीवानी ठेवीन मी तिले!" सोमाजींनीही नाक ओढलं.

पोट भरल्यावर अस्वल वळलं. माझ्या गुडघ्यांसाठी बांधलेल्या रुंद, बुटक्या पायऱ्यांवरून ते असं आरामात उतरलं, की पाटलीणबाई देवळातून येतेय असं वाटावं! खाली उतरून नाल्याकडे निघून गेलं. गार वारा यायचा त्याच वाटेनं.

"लेका," मी गुणवंताला म्हटलं, "उन्हाले इचारलं, वाऱ्याले इचारलं, आईच्या गुडघ्याले इचारलं. अस्वलाले काऊन नाई इचारलं?"

"ते दिवाळीच्या सुट्टीत आलं नोहोतं," तो म्हणाला.

सोमाजी चष्मा लावून, हसत हसत खाली आले. रामाजींना मिठीच मारली. "झालं भाऊ, समदं ठरलं! बाईनं एका सबदानं आडकाठी केली नाई. अशी सोज्वळ बाई मी पाह्यली नाई!"

रामाजींना ठसका लागला.

आता मी काय करू, सांगा! खरं सांगावं, तर ज्या घराच्या गच्चीवर अस्वल येतं त्या घरची मुलगी कोण करील? माणूस तिथल्या तिथे अंथरूण गुंडाळून चिमूर गाठील. गप्प बसावं, तर गावभर वाजवलेला माझा शब्द मातीत! सगळे माझ्याकडे बघत होते. दारामागून वच्छलेचे नुसते डोळे दिसत होते, वाटीएवढे.

मी घसा खाकरला. आतली एक एक धार परत म्यानात घातली.

"हो," मी म्हटलं. "म्या कबूल केलं."

"भाजीचंही?"

"...भाजीचंही."

लग्न चिमुरात झालं. भाजी खारट होती. मी दोनदा वाढून घेतली. रुखमाबाई पूर्ण वेळ माझ्या शेजारी बसून विचारत होती, "अन् अंगणात कवा हाये म्हनता?"

गुणवंतानं मुंबईच्या मास्तरांसाठी काढलेल्या नकाशात जिन्याच्या तोंडाशी एक मजबूत दार काढलं आणि वरच्या पायरीवर अस्वलही काढलं. मास्तर म्हणे फार खूश झाले. म्हणाले, इमारत जागेत मुरली की नाही हे पाहायचं तर तिथे कोण न बोलावता येतं ते बघावं. मुंबईच्या माणसाला बोलायला काय जातं!

खरं दार आम्ही त्याच आठवड्यात बसवलं. अस्वलाचं येणं थांबलं. सोमाजींचं थांबलं नाही! दर चैतात येतात आणि गच्चीवरच झोपतात. म्हणतात, "विहीणबाई दिवसा लई कडक, पन पहाटे मन मोकळं कराले त्यायच्यावानी मानूस नाई!" पुढच्याच वर्षी पहाटे वर कोणी गेलं नाही, तर दिवसभर रुसून बसले, पोरीला माहेरी ठेवायलाही तयार होईनात.

तेव्हापासून मी जाते. काळी घोंगडी घेते, वाकून मोह वेचते आणि ते जे बोलतील त्याला "हुंफ्" म्हणते. व्याही छापलेलं काही वाचत नाहीत, चष्म्याचा कंटाळा, म्हणून इथे सांगितलं. तुम्ही चिमूरकडे बोलू नका.

मागच्या खेपेला खाली उतरले, तर रामाजी दारात तोच लोटा घेऊन उभे.

"कसं जमलं?" मी विचारलं.

"बरं जमलं," ते म्हणाले. "पन अस्वल जरा जास्त ऐकून घेत होतं."