पोह्यांआधी खाडी

निसर्गाच्या सान्निध्यात माणूस अंतर्मुख होतो, असं थोर लोक सांगत आले आहेत. ठाण्याच्या खाडीत माणूस प्रथम पोटरीपर्यंत चिखलात जातो, आणि मग अंतर्मुख होऊन चप्पल शोधतो.

आमचे शेजारी भाऊसाहेब कर्णिक हा अनुभव मुलीला पाहायला येणाऱ्या मंडळींना देत. आधी खाडी, मग पोहे, मग मुलगी. कोर्टात शिरस्तेदारी करण्यात जन्म गेलेला; क्रम बदलत नसे. स्वराज्य आल्यावर कळव्याच्या पुलालगतचं तिवरांचं रान हे राष्ट्रीय उद्यान झालंच पाहिजे, असं त्यांचं मत होतं. सरकारला सवड नव्हती, म्हणून त्यांनी ते आपल्यापुरतं जाहीर करून टाकलं होतं.

प्रत्येक खेपेला मलाही जावं लागे. चालताना ते माझं कोपर धरत. मला तो मान वाटे. मिठागराच्या बांधावर पोचलं की काठी उगारत. "शांतता राखा, काम चालू आहे. इथं निवटी राहतो. मासा असून चिखलावर चालतो. दोन्ही खात्यांतून पगार! आणि तिवराखाली बसलेलं ते जनावर पाहिलंत? कोल्हा."

तो राखणदाराचा पिवळा कुत्रा होता. रोज तिथंच बसे. पण मुलीच्या बापाला पाहुण्यांदेखत कोण सांगणार? "वा! काय ऐट आहे कोल्ह्याची!" पाहुणे म्हणत. एका नवऱ्यामुलाला तर त्याच्या डोळ्यांतली लबाडीही दिसली. मग पोहे होत, उषा येऊन नमस्कार करून जाई, आणि दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब कळवीत, पत्रिका जुळत नाही.

मुलीच्या बापानं नकार देण्याची आळीत चाल नव्हती. उषाला पंचविसावं लागलं. "तिची आई असती तर हे चाललं नसतं," बायका म्हणत. माझी बायको म्हणाली, "तुम्ही तरी बोला की त्यांच्याशी!" मी बोललो.

"प्रकरण न्यायप्रविष्ट आहे," भाऊसाहेब म्हणाले.

मग डोंबिवलीचा एक मुलगा वडिलांबरोबर आला. कोल्ह्याची पाळी आली. वडील "वा, वा!" म्हणाले. मुलगा म्हणाला, "कुत्रा आहे तो."

वडिलांनी त्याला कोपर मारलं.

"शेपूट हलवतोय, बाबा!"

भाऊसाहेबांनी काठी खाली घेतली. मग हळूच म्हणाले, "आणखी काय दिसतं?"

"दोन बगळे. एक उडाला."

"कुठं?"

"मुंब्र्याच्या बाजूला."

भाऊसाहेब मान वर करून पाहत राहिले. ठाण्याच्या बाजूला.

परतताना पाहुणे पुढं गेले. मी विचारलं, "केव्हापासून?"

"झाली दोन वर्षं. उजेड कळतो. उषा रोज संध्याकाळी इथं आणते, काय काय दिसतं ते सांगते. कुणाला बोलू नकोस म्हटलं तिला." काठीनं बांध चाचपत ते म्हणाले, "उद्या सासरी ती वाळली, तर मला दिसायचं नाही हो. हा सांगेल."

पत्रिका जुळली. जावई अधूनमधून येऊन उषाचं बरंवाईट सांगून जातो. ती जाड झाली आहे, हे गेल्या खेपेला त्यानं तिच्यादेखत सांगितलं. भाऊसाहेब दिवसभर खुशीत होते.

संध्याकाळी आता त्यांना मी खाडीवर नेतो आणि दिसेल ते सांगतो. मला कावळा आणि बगळा एवढेच पक्षी ओळखता येतात. त्यामुळं खाडीतले बाकीचे पक्षी बंद झाले आहेत.