अन्नसुरक्षा समितीचा विद्यार्थी प्रतिनिधी

सेंट क्रॉय हे अमेरिकेच्या ताब्यातलं कॅरिबियन बेट. तिथल्या एका सागरी संशोधन संस्थेत प्रवाळांवर पीएचडी करायला नागपूरचा सौमित्र वझलवार गेला आणि थोड्याच दिवसांत त्याला कळलं, की बेटावर समुद्र मुबलक असला तरी अन्न फ्लोरिडाहून जहाजाने येतं. वादळामुळे जहाज रखडलं की संस्थेच्या दुकानात मोहरीचा सॉस आणि कुत्र्यांची बिस्किटं तेवढी उरत. सौमित्र शाकाहारी होता. त्याला सॉस चालत असे.

दुकानाबाहेर मात्र आंब्यांचा सडा पडलेला असे. आवारात आंबा होता, शेवगा होता, पण संस्थेच्या नियमानुसार ती 'शोभेची वनसंपदा' होती. समुद्रकाठी एक विषारी फळाचं झाड उगवतं, हे खरं. तेव्हा खबरदारी म्हणून सर्वच झाडं विषारी समजली जात. पडलेले आंबे रोज सकाळी गोळा करून विधिवत पुरले जात.

सॉस संपला त्या संध्याकाळी सौमित्रने शेवग्याच्या शेंगा तोडल्या. त्याच्या लॅबमध्ये चैत्राली होती. टेक्सासमधल्या प्लेनोत जन्मलेली, मराठी सगळं समजणारी आणि उत्तर इंग्रजीत देणारी. तिच्याकडेही खायला काही नव्हतं. त्याने तिला झाड दाखवलं. तिने पलीकडच्या झाडावरचं हिरवं, खरखरीत, नारळाएवढं फळ हेरलं. तिच्या आईने व्हिडिओ कॉलवर ते पाहून निर्वाळा दिला, की हा नीरफणस, याचे काप करा आणि तिखट हात राखून घाला.

काप उत्तम झाले असावेत. खायला कोणी मिळालं नाही, कारण काप तव्यावर खरपूस होताच हॉस्टेलचा धुराचा भोंगा वाजला, सगळे हिरवळीवर जमले आणि अग्निशमन दलाने पाण्याचा पहिला फवारा तव्यावरच मारला. चौकशीत निष्पन्न झालं, की आगीचा धोका स्वयंपाकामुळे उद्भवतो. शेगड्या काढून नेण्यात आल्या. त्या जागी 'घरचं ताजं खा, निरोगी राहा' असं पोस्टर लागलं.

आता विद्यार्थी खरोखरच उपाशी राहू लागले. संस्थेने याची गंभीर दखल घेऊन अन्नसुरक्षा समिती नेमली आणि उपासमारीचा प्रत्यक्ष अनुभव असलेला म्हणून सौमित्रला तिच्यावर घेतलं. चैत्राली खूश झाली. झाडं खुली करण्याचा ठराव दोघांनी मिळून लिहिला.

पहिल्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आधी जेवण होतं, मग ठराव. जेवण विमानाने मायामीहून आलं होतं. अध्यक्षबाई मिसेस हॅलोरन यांनी सौमित्रसाठी आठवणीने पनीरचा रोल मागवला होता, वर गुलाबजामही. कित्येक दिवसांनी सौमित्रचं पोट भरलं. भरल्या पोटी त्याला ठराव जरा घाईचा वाटला. या प्रश्नाचा अभ्यास व्हायला हवा, असं तो म्हणाला, आणि त्याची ही प्रगल्भता पाहून समितीने अभ्यासासाठी दर आठवड्याला बैठक ठेवली.

चैत्राली विचारायची, ठरावाचं काय झालं. तो सांगायचा, प्रोसेसमध्ये आहे. काही दिवसांनी तिने विचारणं सोडलं. पुढे सुरक्षारक्षकांना ती किनाऱ्यावर सापडली. तीन दगडांवर पातेलं ठेवून शेवग्याची आमटी करत होती. तिला समितीपुढे उभं करण्यात आलं. आमटी पुरावा म्हणून जप्त झाली होती.

विद्यार्थ्याची चौकशी विद्यार्थ्यानेच केलेली बरी, असं मिसेस हॅलोरन यांचं मत पडलं. सौमित्रने घसा साफ केला आणि शेंगा खाण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र तिच्याकडे आहे का, असं इंग्रजीत विचारलं.

चैत्राली मराठीत म्हणाली, "झाड तूच दाखवलंस ना मला?"

सौमित्रचे कान तापले. समोरच्या जेवणाच्या डब्याचं झाकण अजून उघडायचं होतं.

"तेव्हा मी समितीवर नव्हतो," तो म्हणाला.

समितीने चैत्रालीला आहारविषयक समुपदेशनाला पाठवलं. ती गेली नाही. गावात एका आजीबाईंच्या घरामागे तिने खोली घेतली. तिथे शेगडी आहे. रविवारी निम्मं हॉस्टेल तिच्याकडे जेवायला असतं. सौमित्रला ती बोलावत नाही. एकदा तो आपण होऊन तिच्या फाटकापर्यंत गेला होता. फोडणीचा वास आला, तसा तिथूनच परतला.

पुढे संस्थेने सौमित्रला धोरण विभागात कायम केलं. त्यामुळे समितीवरची एक जागा सध्या रिकामी आहे. उमेदवार याच बेटावरचा हवा अशी अट नाही. त्याला भूक असावी आणि मत असावं, एवढंच. आतापर्यंत ज्यांनी ज्यांनी चौकशी केली, ते सगळे सौमित्रच्या वागण्यावर मनापासून संतापले होते. मग जाता जाता त्यांनी विचारलं, बैठकीत जेवण असतं ना?

असतं. आपल्याला काय चालतं, तेवढं कळवून ठेवा.