बसलेल्या यंत्रमानवाचे मध्यावधी परीक्षण

पूर्वार्ध पाहून मत देणे अन्यायाचे आणि उत्तरार्ध पाहून मत देणे निरुपयोगी, हे सर्वमान्य आहे. म्हणून आमच्या तोक्योच्या अ‍ॅनिमे मासिकाने मध्यावधी परीक्षणाची पद्धत पाडली. यात मत आधी ठरते, परीक्षण मागाहून लिहिले जाते. (वेळ वाचतो.)

यंदा ‘लोहवीर हागुरो’ ही मालिका परीक्षणाला होती. बारा भाग झाले होते आणि बाराही भागांत एकोणीस मजली उंच यंत्रमानव हागुरो गुडघे मुडपून कारखान्यात बसलेला होता. बाहेर राक्षस शहर तुडवत होते, आत त्याला उठवण्याच्या परवानगीचा कागद खात्याखात्यांतून फिरत होता. आमच्या कचेरीत सर्वांना ही मालिका अत्यंत वास्तववादी वाटली. हागुरोला चालवणारी मुलगी चौदा वर्षांची आहे, कारण मोठी माणसे मीटिंगमध्ये असतात.

अकराव्या भागात हागुरोची करंगळी हलते. ती हाताने रेखाटली मालिकेचे चित्रकार नुमाकुरा-सान यांनी, वय एकोणसत्तर. तेराव्या भागात तो उभा राहणार होता आणि त्या उठण्याची चारशे बारा चित्रे त्यांनी तयार ठेवली होती. अडचण एवढीच, की उत्तरार्ध कसा करायचा हे मालिकेला पैसा पुरवणाऱ्या कंपन्यांची निर्मिती समिती आमचे परीक्षण वाचून ठरवणार होती.

परीक्षण माझ्या हाताखालच्या इगाराशीबाईंकडे आले. बाई हुशार आहेत, पण एक खोड आहे: त्या मालिका बघतात. त्यांनी लिहिले, “करंगळी हलली तेव्हा मी रडले. आता याला उठवा.”

छापण्यापूर्वी मजकूर समितीला दाखवण्याची आमच्याकडे रीत आहे. खेळणीवाल्यांनी कळवले की बसलेल्या हागुरोचे सत्तर हजार पुतळे गोदामात आहेत, तो उठला तर ते कोण घेणार? गाणेवाल्यांना ‘रडले’च्या जागी ‘गुणगुणले’ हवे होते. शीतपेयवाल्यांनी करंगळीच काढायला सांगितली. (करंगळी म्हटली की आमच्याकडे लोकांना बोटे छाटलेले गुंड आठवतात.)

“बाई, फक्त सहा शब्द बदलायचेत,” मी म्हटले.

“अहो हिराओका-सान, आहेतच आठ! मग उरलं काय?”

“‘तेव्हा मी.’ ते राहू दे म्हणालेत. मोठ्या मनाची माणसं आहेत.”

बाईंनी मजकूर तसाच ठेवला आणि खाली सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारला, तोही सरळ उभा! आमच्याकडे कनिष्ठाने शिक्का वरिष्ठाच्या शिक्क्याकडे किंचित कलता मारायचा असतो, म्हणजे तो वाकून नमस्कार केल्यासारखा दिसतो. या प्रकारावर दोन बैठका झाल्या.

“चुकून पडला ना?” मी वाट काढून दिली.

“छे. नीट बघून मारला.”

बाईंची बदली रक्तगटावरून भविष्य सांगणाऱ्या पानावर झाली. परीक्षण मी लिहिले: “न उठणे हीच हागुरोची झेप.” माझा शिक्का इतका कलला की आडवाच झाला. समितीने प्रशंसा केली आणि उत्तरार्धातही हागुरोला बसवूनच ठेवायचे ठरवले. बसलेल्याला एक चित्र पुरते. एका चित्राला नुमाकुरा-सान लागत नाहीत.

काम सोडून जाताना ते रिवाजाप्रमाणे मिठाईचा डबा घेऊन आमच्याकडेही आले. “उठताना तो आधी डावा गुडघा टेकतो,” ते मला म्हणाले. “हे कळायला दीड वर्ष गेलं हो. माझेच गुडघे दुखायला लागले, तेव्हा कळलं.”

मला फार वाईट वाटले. मी मिठाई घेतली.

अंक निघाल्यावर वाचकांची अकरा हजार पोस्टकार्डे आली. हागुरो उठणार कधी, हे एकानेही विचारले नव्हते. पुतळ्याखाली ठेवायला छोटी गादी मिळेल का, अशी मात्र नऊ हजार जणांची विचारणा होती.

हे वाचून तुम्हाला त्या वाचकांची चीड आली असेल आणि नुमाकुरा-सानसाठी कुणीतरी काहीतरी करायला हवे होते, असेही वाटत असेल. बरोबरच आहे. अगदी आत्ता उठावे, असे वाटत असेल.

छे, छे, बसा. तसे तुम्ही उठला नव्हतातच म्हणा.