नवलनानांची नाव आणि गल्लीचे हंडे

सरका हो पुढे, दाराशी कशाला बसलात? टाळ घटकाभर खाली ठेवा. हसीब मास्तरांच्या नावेची गोष्ट सांगतो. हसला नाहीत तर माझ्या वाट्याचा प्रसाद तुमचा!

दोंडाईच्याचे नवलनाना कीर्तनाला पहिल्या रांगेत, आणि अर्थ लावण्यात तिच्याही पुढे! सप्ताहात बुवा म्हणाले, "संसारसागर तरायचा तर नाव हवी!" सगळ्यांनी माना डोलावल्या, नानांनी नाव शोधायला घेतली. आणि सापडली की! धुळ्याला, अनवरीभाभींच्या अंगणात.

भाभींचे यजमान हसीब मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. तरुणपणी त्यांनी पोस्टाने सुट्या भागांची पेटी मागवली आणि प्लायवूड तांब्याच्या तारेने शिवून ही कयाक बांधली. चवळीच्या शेंगेसारखी निमुळती, वरून बंद, मधोमध एका माणसापुरतं भोक. आता मास्तर गेले, भाभी मुलीकडे राहायला निघालेल्या.

"आज कुणी नेली नाही तर संध्याकाळी सुतार येऊन फळ्या करणार," भाभी म्हणाल्या. "एकेका टाक्यात त्यांचा जीव होता हो, नाना."

"नेतोच!" नाना गरजले.

"थांबा!" सोबत आलेल्या नानांच्या मंडळी, सुलक्षणाकाकू, म्हणाल्या. नानांच्या घरी ब्रह्मदेवाचं लिखाणसुद्धा काकू तपासून घेत. "गळकी निघाली तर? ती पडून राहील आमच्या अंगणात, अन् लोकांची बोलणी खाईन मी!"

तपासायची कुठे? पांझरा नदीत तेव्हा म्हैस बसायलाही पाणी नव्हतं. पण नाना डगमगतात होय! "अगं, माठ कसा घेतो आपण? पाणी भरून! ठिबकला तर परत. त्यात काय!"

काकूंना पटलं. शेजारचा फारुख टँकर चालवायचा. कयाक वाळूच्या ढिगावर ठेवली, फारुखने पाईप सोडला आणि ती गळ्यापर्यंत भरली. भाभी चहा घेऊन बाहेर आल्या त्या कपबशांसकट थबकल्या.

"या अल्ला! नाना, ती पाण्यावर ठेवायची असते. तुम्ही पाणी तिच्यात ठेवलंत!"

"एकच झालं! आतलं बाहेर येत नाही, तर बाहेरचं आत कसं जाईल?"

फारुख हसून हसून टँकरला टेकला. काकूंनी मात्र पदराने बूड पुसून पाहिलं. कोरडं ठणठणीत! त्या आता 'हो' म्हणणार, तेवढ्यात गल्लीला टँकर दिसला. आठवडाभर नळ कोरडे! कुणीतरी ओरडलं, "नवी टाकी बसवली रे!" झालं! हंडे, बादल्या, तेलाचे डबे घेऊन सगळी गल्ली लोटली. भोक एक, हंडे शंभर!

"माझा हंडा आधी!"

"तुझा हंडा हाये का रांजण?"

हंडा कयाकच्या पाठीवर दणकन आदळला. "अहो, फुटेल ना ती!" काकू किंचाळल्या.

नाना धोतरासकट भोकात उतरले! छातीभर पाण्यात बसून त्यांनी नावेसोबतचं वल्हं उंचावलं आणि कीर्तनातला सगळा जोर लावून गर्जना केली, "विठ्ठल विठ्ठल! रांग लावा!" गल्लीत शेवटच्या दारापर्यंत सरळ रांग लागली. फारुख पाईपने भर घालत राहिला, नाना तांब्या तांब्याने पाणी देऊ लागले.

"नाना, पाय तरी धुयेल शेतस ना?" कमलबाईने विचारलं.

"आत्ताच धुतले!"

"चाली जाई. वापरानं पानी शे!"

शेवटचा हंडा भरला. कयाकचा एकही टाका सैल झाला नव्हता. कमलबाई हंडा डोक्यावर घेत म्हणाली, "मास्तरनी नाव, भाभी! बठ्ठी गल्ली तरी गई!"

भाभींनी डोळ्यांना ओढणी लावली. "खरंच, सगळी गल्ली तरली. इतक्या वर्षांत तिला पाणी ठाऊक नव्हतं हो."

काकूंनी पदर खोचला. "भाभी, सुताराला येऊ नको म्हणावं. ही आमची!"

त्याच टँकरवर कयाक बांधून, वल्हं झेंड्यासारखं धरून नाना दोंडाईच्यात शिरले, तेव्हा लोक लग्नाची वरात समजून बाहेर आले!

आता ती आपल्या देवळामागे आहे. दर सप्ताहाला काठोकाठ भरते, पंगत तिच्याच पाण्याने हात धुते. काकूंचा नियम एकच: आत कुणी बसायचं नाही, आणि नानांनी तर मुळीच नाही! त्यामुळे संसारसागराच्या बाबतीत नाना अजून काठावरच आहेत.

तुम्ही मात्र आज जेवून तिथे ओंजळ भराल ना, तेव्हा हात धुण्याआधी क्षणभर हसीब मास्तरांची आठवण काढा.