गजाभाऊंचा विमानतळ

पाहुणे आले की लोक त्यांना धबधबा दाखवतात, डोंगर दाखवतात, नाहीतर एखादं मोठं दुकान तरी दाखवतात. आमचे गजाभाऊ विमानतळ दाखवायचे. तोही आपल्या गावातला नव्हे, आपल्या देशातलाही नव्हे, शेजारच्या देशातला.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि आम्ही नॉर्थ डकोटात, ग्रँड फोर्क्सला राहत होतो. माझे यजमान तिथल्या इस्पितळात डॉक्टर. गावात मराठी घरं चार, त्यातलं चौथं म्हणजे एकटे गजाभाऊ. रस्ते खात्यात इंजिनियर, पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, डोक्यावर बारा महिने लोकरीची टोपी. गावात पाहण्यासारखं काय, तर बटाट्याची शेतं आणि बिटाची शेतं, आणि अर्धं वर्ष त्यांच्यावर बर्फ. तेव्हा गजाभाऊंनी आपली सगळी श्रद्धा सीमेपलीकडे, कॅनडातल्या विनिपेगच्या विमानतळावर वाहिली होती. अडीच तासांचा सरळसोट रस्ता. दर रविवारी हा मनुष्य आंघोळ करून, डबा घेऊन तिकडे जायचा. देवळात जावं तसा.

मी पुण्याची. मला कुणी उगाच कशाचं कौतुक सांगितलेलं सोसत नाही. पण गजाभाऊंपुढे माझी मात्रा चालत नसे. न्यू जर्सीहून माझे धाकटे दीर चार दिवसांसाठी आले, तर गजाभाऊंनी त्यांना सकाळीच उचललं.

"वहिनी, तुम्हीही चला. यांना काहीतरी बघायला मिळू दे."

"अहो, ते कालच विमानतळावरून आले आहेत!"

"तो कसला विमानतळ? तो फलाट आहे."

विनिपेगला पोचल्यावर गजाभाऊ टर्मिनलच्या मधोमध उभे राहिले, पायाखालच्या फरशीकडे बोट केलं आणि आवाज चढवला, "इथे काय होतं? गवत!"

दिरांनी फरशीकडे नीट पाहिलं.

"सन एकोणीसशे अठ्ठावीस. गवताचं मैदान. अपघातात गेलेल्या एका वैमानिकाचं नाव दिलं होतं त्याला. उत्तरेकडे रस्ते नाहीत, रेल्वे नाही. इथून टपाल जायचं, औषधं जायची, खाणवाले जायचे. हिवाळ्यात विमानाला चाकं नसत, बर्फावर उतरायला घसरपट्ट्या असत. मग महायुद्ध आलं..."

महायुद्ध संपेपर्यंत आम्ही तिघं उभेच होतो. शांतता झाल्यावर साठच्या दशकातली इमारत सुरू झाली: छताची उंची, खांबांचा दगड, भिंतीपाशी ठेवलेलं ते कसलंसं धातूचं शिल्प. ते शिल्प मला मोडक्या शेगडीसारखं दिसायचं. मी तसं म्हटलं तर गजाभाऊ म्हणाले, "वहिनी, तुम्ही त्याच्याकडे घाईत बघता." इतिहास आटोपला की सोयी. सामानाचा पट्टा, चाकाच्या खुर्च्या, लहान बाळांची खोली, उपाहारगृह, हरवलेल्या वस्तूंची खिडकी. प्रत्येक ठिकाणी थांबून ते एकच वाक्य म्हणत, "सोय बघा, सोय!" पुरुषांच्या स्वच्छतागृहात नेऊन त्यांनी दिरांना गरम पाण्याचा नळ सोडून दाखवला. दीर पुन्हा म्हणून आमच्याकडे आले नाहीत. पुढच्या सुट्टीत दोघे भाऊ भेटले ते न्यू जर्सीला.

माझी मुलं त्यांना एअरपोर्ट अंकल म्हणत. "आय ॲम नॉट गोइंग, आई. ही विल शो मी द टॉयलेट अगेन," असं माझा मुलगा सांगून मोकळा व्हायचा.

आता हे सगळं कशासाठी, तर अक्कासाठी. अक्का म्हणजे गजाभाऊंची थोरली विधवा बहीण. मिरजेला असे. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिनेच याला वाढवला, शिकवला, इकडे पाठवला. अक्कानं एकदा अमेरिकेला यावं, आपलं घर बघावं, एवढी एकच इच्छा या माणसाला होती आणि ती त्यानं आमच्या तिन्ही घरांत इतक्या वेळा सांगितली होती की 'अक्का आली की' हे शब्द ऐकले की आम्ही चहाचे कप उचलायला लागायचो. अक्का दर वर्षी म्हणायची, गुडघे बरे होऊ देत, पुढच्या वर्षी बघू. आणि गजाभाऊ दर रविवारी अक्काच्या वतीनं विमानतळ तपासून यायचे. हा जिना अक्काला चढवणार नाही. हे बाक अक्काच्या उंचीचं आहे. हे पाणी पायानं कळ दाबून प्यायचं, ते अक्का पिणार नाही.

एकदा मात्र कहर झाला. सरकत्या जिन्यात नऊवारीचा काठ अडकेल का, ही शंका त्यांच्या मनात आली. नऊवारी नेसणारं गावात कुणी नव्हतं. मग भर फेब्रुवारीत, बाहेर नाकातलं पाणी गोठत असताना, हे गृहस्थ लोकरीच्या पाटलोणीवर धोतर नेसून आमच्या दारात हजर!

"वहिनी, मागून बघायला कुणीतरी हवं. सोगा कुठे जातो ते मला दिसणार नाही."

मी गेले. का गेले ते आजही सांगता येणार नाही. विनिपेगच्या त्या जिन्यावर गजाभाऊ चार वेळा वर गेले, चार वेळा खाली आले आणि मी मागे वाकून त्यांच्या सोग्यावर डोळा ठेवून होते. एक गोरी म्हातारी थांबून मला म्हणाली, "तुमचे धर्मगुरू का?" मी हो म्हटलं. नवरा म्हणाली असती तर त्याहून वाईट.

माझ्या सासूबाई आल्या त्या मिनियापोलिसला उतरल्या, कारण तिकीट तिथलं मिळालं. तर गजाभाऊ दोन महिने आमच्याकडे फिरकले नाहीत. "मिनियापोलिस म्हणजे बाजार. म्हाताऱ्या माणसाला बाजारात उतरवलंत!" असं त्यांनी दुसऱ्या एका घरी बोलून दाखवलं. ते माझ्यापर्यंत यावं अशाच बेतानं बोलले होते, आणि आलंही.

शेवटी एका वसंतात अक्का हो म्हणाली. मुंबईला जाऊन अमेरिकेचा व्हिसाही काढून आली. तिकीट अर्थातच लंडनवरून विनिपेगचं. गजाभाऊंनी महिनाभर आधी घराला रंग दिला, संडासात दांडी बसवली आणि विमानतळावर चाकाची खुर्ची सांगून ठेवली.

आपल्याकडे माणसाला आणायला एकटं कुणी जात नाही. अमेरिकेत राहून आमचं इंग्रजी बदललं, स्वयंपाक बदलला, पण हे बदललं नाही. चारी घरांच्या तीन गाड्या निघाल्या. मुलं, थर्मास, पुरणपोळ्या, हार, आणि ओवाळून टाकायला भाकरतुकडा. सीमेवरचा शिपाई आम्हाला ओळखतच होता. "एअरपोर्ट?" एवढंच त्यानं विचारलं आणि हसून हात हलवला. आम्ही सगळे अमेरिकन नागरिक झालेले. त्या फाटकाशी आम्हाला कधी कुणी कागद मागितला नव्हता.

विमान उतरलं. माणसं येऊ लागली. मिठ्या, फुलं, रडणं. गजाभाऊ हार धरून ताठ उभे होते. माणसं येत राहिली, मग कमी झाली, मग वैमानिक आपापल्या बॅगा ओढत आले आणि दार मिटलं. रिकामी खुर्ची घेऊन एक मुलगी बाजूला उभी होती.

गजाभाऊ विमान कंपनीच्या खिडकीशी गेले. तिथल्या माणसानं कुठे कुठे चौकशी केली आणि फार सौम्यपणे सांगितलं, "त्या मुंबईहून निघाल्याच नाहीत. त्यांना तिथेच थांबवलं. त्यांच्याकडे व्हिसा नाही."

"आहे! माझ्याकडे झेरॉक्स आहे त्या पानाची. अमेरिकेचा व्हिसा आहे!"

"हो सर. पण हे कॅनडा आहे."

ज्या माणसाला इथलं एकोणीसशे अठ्ठावीसचं गवत ठाऊक होतं, ज्यानं इथला प्रत्येक नळ सोडून पाहिला होता, त्याला हा दुसरा देश आहे एवढंच सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर आम्हा चार घरांत मिळून कुणालाच सुचलं नव्हतं. तीन डॉक्टर आणि एक इंजिनियर! पण आम्ही काही दर रविवारी तिथे जात नव्हतो. एवढं टोचून बोलायला जागा मिळाली आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. गजाभाऊ त्या खुर्चीवाल्या मुलीपाशी गेले आणि म्हणाले, "ती आता लागणार नाही. थँक यू." मग हार कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. माझ्या मुलानं तो हातातून घेतला.

अक्कानं मिरजेहून निरोप दिला की मुंबईला सगळ्यांदेखत सामान परत उचलून बाहेर यावं लागलं, आता या वयात पुन्हा हे होणे नाही. गजाभाऊ रविवारी घराबाहेर पडेनासे झाले. आम्ही बोलवायचो, ते "बरं" म्हणायचे आणि यायचे नाहीत. अक्का आली नाही तर हा मनुष्य खचणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. माझ्या यजमानांनी मग मिरजेला ट्रंककॉल लावला. काय बोलले ते विचारलं तर म्हणाले, "मी फक्त म्हटलं, गजाभाऊ हल्ली बोलत नाहीत."

महिन्याभरात अक्का आली. मिनियापोलिसला! आम्हीच दोघं गजाभाऊंबरोबर गेलो होतो. अक्कानं नऊवारीचा काठ एका हातानं वर खोचला, दुसऱ्या हातात पिशवी घेतली आणि सरकत्या जिन्यावरून तरातरा खाली आली. खुर्ची घेऊन आलेल्या माणसाला तिनं "तूच बस" म्हणून मराठीत सांगितलं. गजाभाऊंनी वाकून नमस्कार केला. इमारतीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

अक्का राहिली सहा महिने. दुपारी ती आमच्याकडे यायची. एकदा मटार सोलता सोलता मला म्हणाली, "सुमन, तू त्या विमानतळावरनं त्याची फार थट्टा करतेस म्हणे."

"कुणीही करील, अक्का. तुम्ही ऐकलं नाहीत अजून त्यांचं."

"मी? मला पाठ आहे ते. गवताचं मैदान, घसरपट्टीची विमानं. बारा वर्षं कॅसेटी येतात मला. दर महिन्याला एक."

"मग तुम्हाला कंटाळा नाही आला?"

अक्कानं शेंग हातात तशीच धरली. "पहिल्या पहिल्यांदा घरातनं बोलायचा. मी मजेत आहे, पुष्कळ मित्र आहेत, रोज कुणी ना कुणी येतं. आणि मागे आवाज काही नाही. भांडं पडत नाही, दार वाजत नाही, कुणी शिंकत नाही. मी पत्रात विचारलं, अरे, हे येणारे-जाणारे मुके आहेत का रे? तर पुढची कॅसेट आली ती माणसांनी भरलेली. पोरं रडतायत, कुणी हसतंय, बायका बोलतायत. म्हणाला, आज घरी मंडळी आलीत. आणि मधेच एक बाई भोंग्यावरनं सांगते, अमक्या दारातनं अमकं विमान. मी काय खुळी आहे? कुणाच्या दिवाणखान्यात विमानं सुटतात?"

मी माझ्या हातातली शेंग खाली ठेवली.

"तिथे बसून बोलायचं तर दर वेळी कशावर बोलणार? समोर दिसेल त्यावर. मग विचारून विचारून माहिती गोळा करू लागला असणार. मी कधी त्याला म्हटलं नाही, मला कळलंय म्हणून. तूही म्हणू नकोस. पुढच्या खेपेला यायचं तर मिरजेत डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलंय. हीच खेप." ती पुन्हा शेंगा सोलू लागली. "तुझ्या घरात गोंगाट फार आहे गं. मला बरं वाटलं."

अक्का मिरजेला परत गेल्यानंतरच्या रविवारी मी गजाभाऊंच्या घरी गेले. ते डबा भरून निघण्याच्या तयारीत होते. मी म्हटलं, "आज तिकडे नाही. आमच्याकडे जेवायला या. आणि तुमचा तो टेपरेकॉर्डर बरोबर घ्या."

"कशाला, वहिनी?"

"या म्हटलं ना!"

आमच्याकडचा रविवार जसा असतो तसाच होता. कुकर ओरडत होता, मुलं इंग्रजीत एकमेकांच्या जिवावर उठली होती, यजमानांना चष्मा सापडत नव्हता आणि त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटत होतं. मीही गप्प बसणारी नव्हे. गजाभाऊंनी मशीन जेवणाच्या टेबलावर ठेवलं, कळ दाबली आणि ते टोपी काढून बसले. तोंड उघडलं, मिटलं.

मी हळूच म्हटलं, "बोला की, गजाभाऊ. कॅसेट नुसतीच फिरतेय."

"राहू दे, वहिनी," ते म्हणाले, "ऐकू दे अक्काला."