उरलेलं पुरेना

आमच्या घरात अन्न वाया जात नाही, ते रूप बदलतं. सोमवारचं वरण मंगळवारी कणकेत शिरून पराठा होतं. बुधवारी त्याच पराठ्यांचा चुरा भाताशी संगनमत करून वडा म्हणून ताटात येतो. हे कशाचं आहे असं विचारलं, तर माझी बायको विजयश्री म्हणते, "खाऊन बघा ना आधी." (खाऊन बघितल्यावरही कळत नाही.)

चव वाईट नसते. पण मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. कुठलाही पार्ट कुठून आला, कशाचा झाला, हे तपासल्याशिवाय पुढे सोडायचा नाही, हीच माझी नोकरी. संध्याकाळी थेरगावला घरी यावं आणि ताटात असा बेवारस वडा दिसावा, म्हणजे घास अडतो.

म्हणून मी एक छोटासा निर्णय घेतला. उरलेलं तिसऱ्या दिवसापर्यंत पोचूच द्यायचं नाही. सकाळी विजयश्री अंघोळीला गेली, की फ्रीजमधलं सगळं एका जादा डब्यात भरायचं आणि कंपनीची बस पकडायची.

हा डबा मी रणजीतला देऊ लागलो. रणजीत माझ्याच लाइनवर आहे, मूळचा नांदेडचा, घरच्यांपासून लांब खोली घेऊन राहतो. कॅन्टीनची बटाट्याची भाजी बघितली की त्याला घरची आठवण येऊन गहिवरतं. पहिल्या दिवशी त्याने आदल्या रात्रीची शेपू आणि वरण इतक्या भक्तिभावाने संपवलं, की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

"भाऊ, वहिनींच्या हाताला लई चव हाय," तो म्हणाला. "उद्या काय आणताल?"

उद्याचा विचार मी केलाच नव्हता. पण दुसऱ्या दिवशी तो डब्याची वाट बघत उभा होता, आणि आठवड्याभरात त्याने ज्ञानेशलाही बरोबर आणलं. ज्ञानेश त्याचा रूम पार्टनर. खायला सुरुवात केली की बोलत नाही, आणि संपल्यावर डबा परत देताना आत एकदा बघून घेतो.

आता उरलेलं पुरेना. मग ते उरवणं आलं. मी घरी म्हणू लागलो, "भाजी जरा जास्त टाक," आणि जेवायला बसल्यावर मात्र एक पोळी कमी खाऊ लागलो, म्हणजे ती मागे राहील. नंतर दोन कमी खाऊ लागलो. एकदा सुट्टीमुळे उरलेलं तिसऱ्या दिवसापर्यंत पोचलंच, आणि दुसऱ्या सकाळी घाईत ते वडेही डब्यात गेले. त्या दोघांनी ते डोळे मिटून खाल्ले आणि पुढे त्यांचीच मागणी सुरू झाली.

विजयश्रीला यातलं काही सांगण्याची सोय नव्हती. तुझे वडे चुकवायला मी हे सुरू केलं, असं कोणत्या तोंडाने सांगणार? तिला दिसत होतं ते एवढंच, की नवरा जास्त करायला सांगतो, समोर चिमणीएवढं खातो, आणि सकाळपर्यंत फ्रीज रिकामा होतो. वर नवरा वाळत चाललाय.

एका संध्याकाळी ती पिंपळे गुरवच्या बहिणीशी, वर्षालीशी, फोनवर बोलत होती. वर्षाली दवाखान्यात नर्स आहे.

"अगं, झोपेतून उठून खातात बहुतेक. पण अंगाला काहीच लागत नाही. पँट बघ, पट्ट्याला नवीन भोक पाडलंय."

पलीकडून वर्षाली काय बोलली ते ऐकू आलं नाही. विजयश्री मात्र खाली बसली आणि हळूच म्हणाली, "शुगर?"

माझ्या वडिलांच्या पायाचा अंगठा शुगरने गेला होता, त्यामुळे हा शब्द आमच्याकडे कुणी सहज उच्चारत नाही. त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. सांगणारही होतो. पण तेवढ्यात मलाच तहान लागली. पाणी प्यायलो, तरी परत लागली. पायाच्या अंगठ्यात मुंग्या आल्यासारखंही वाटलं. डबा खरा असला तरी शुगर खोटी कशावरून, असा विचार करत मी आणखी एक ग्लास भरला.

तपासणीला रक्त दिलं. रिपोर्ट यायचा होता तोवर माझ्या ताटात दुधी आणि मुगाचं पाणी आलं. त्यात उरवण्यासारखं काही नव्हतं, डबाही बंद पडला. विजयश्री समोर बसून वाढायची आणि मध्येच उठून आत जायची. परत येताना तिचे डोळे लाल असायचे. मला त्या दिवसांत बेवारस वड्याचीसुद्धा आठवण येत होती.

रिपोर्टच्या दिवशी रजा काढून आम्ही दोघं डांगे चौकातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागद उलटसुलट केला, चष्मा वर ढकलला आणि म्हणाले, "शुगर अगदी नॉर्मल आहे."

विजयश्रीने मोठा श्वास सोडला. मीही सोडला. अंगठ्यातल्या मुंग्या तिथल्या तिथे थांबल्या.

"पण वजन घटलंय, रक्तही कमी आहे," डॉक्टर तिच्याकडे वळून म्हणाले. "यांना घरी पोटभर जेवायला मिळतं ना?"

तिचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. ती काही बोलणार, तेवढ्यात तिच्या पर्समध्ये ठेवलेला माझा फोन वाजला. तिने उचलला. माझ्या फोनचा आवाज फक्त स्पीकरवर येतो, त्यामुळे डॉक्टरांनाही ऐकू गेलं.

"भाऊ, दोन-तीन दिवस झाले, डबाच नाही की हो," रणजीत म्हणत होता. "मी अन् ज्ञानेश परत बटाट्यावर आलाव. वहिनींला म्हणा, ते वडे तरी करा."

"वहिनीच बोलतेय," विजयश्री म्हणाली.

पलीकडून बारीक आवाजात, "नमस्कार वहिनी."

स्कूटरवर येताना मी मागे वळून दोनदा माफी मागितली, तिने फक्त "समोर बघा" म्हटलं. घरी आल्यावर पाणी पिऊन तिने विचारलं, "त्या मुलांना नक्की काय आवडलं?"

"सगळंच," मी म्हणालो. "वडे सगळ्यात जास्त."

ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते थांबेना. "अंगठा नाही जाणार ना तुमचा, मग बास," ती म्हणाली. मी तिच्याजवळ बसलो. इतकं हलकं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

रविवारी तिने दोघांनाही जेवायला बोलावलं. सकाळपासून खपून तोंडल्यांचा मसालेभात केला, मटकीची उसळ केली, श्रीखंड केलं. सगळं ताजं. वासानेच माझं रक्त वाढू लागलं. मी सर्वांत आधी ताटावर बसलो.

रणजीतने सगळ्या पदार्थांवरून नजर फिरवली आणि जरा लाजत म्हणाला, "वहिनी, ते वडे नाहीत का?"

विजयश्री त्याच्याकडे बघतच राहिली. लग्न झाल्यापासून हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिने फ्रीजमधून कालचे वडे काढले, तव्यावर परतले आणि आम्हा तिघांच्या ताटात वाढले.

मग तिने वाफाळत्या मसालेभाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं, पातेलं ओट्यावर उचलून ठेवलं आणि प्रेमाने रणजीतला म्हणाली, "हा आज नको वाढायला. परवा याचे वडे करून पाठवते."