काचशाळा हत्तींपासून राखिली ती हकीकत

श्रीसूर्यनारायण समर्थ. ज्याच्या उजेडावाचून कोणताही रंग दिसत नाही त्यास नमस्कार करून हकीकत लिहिली ऐसी जे. शके १६८४, चित्रभानुनाम संवत्सरे, श्रावण वद्य पंचमीस राज्यात कळले की काचा रंगविणाऱ्या लाडूबाई तांबट माहेरी तापाने वारल्या. त्यांचे यजमान विठोजी रंगीत काचा शिशाच्या पट्टीत जोडून खिडक्या करीत. ते त्या वेळी काचशाळेत शिडीवर होते. जासुदाने खालून सांगितले. विठोजी उतरले, भट्टी विझविली आणि घरी गेले.

ही शाळा महाराजांनी बाईंच्या हट्टाने मुद्दाम काचकामाकरिता बांधविली होती. उत्तरेची भिंत दोन मजले उंच, सगळी साध्या पांढऱ्या काचेची, आणि रंगविलेला प्रत्येक तुकडा तिजवर मेणाने चिकटवून दिवसाउजेडी पाहावा, मगच जोडावा, ऐसी चाल. दार इतके उंच की मोठी खिडकी उभीच्या उभी बाहेर निघावी. त्या दारावर कारभारी सबाजीपंतांची नजर गेली आणि ते हुजुरांस बोलिले की बाई गेल्या, आता येथे हत्ती बांधावे. मग महाराजांनी विठोजींस बोलावून विचारिले की दरबाराची खिडकी बाईंनी रंगवून ठेविली आहे, ती दसऱ्यास पुरी होईल काय? जाहली तर शाळा तुमची, न जाहली तर हत्तींची. विठोजी हो म्हणून आले आणि येऊन पाहतात तो पेटीत एकाच मापाचे तीनशे चौकोनी तुकडे आणि नकाशावर अंक एक नाही. तुकड्यावर घातलेला अंक भट्टीत जळून जातो, म्हणून बाई रंगांस नावे देत आणि तीच नकाशाच्या खणांत मोडीने लिहीत. एका खणात 'आंबट वरण', दुसऱ्यात 'जाऊबाईंचा शालू', तिसऱ्यात 'यांचा राग'. कारागीर डोकी धरून बसले. विठोजींनी मात्र वरणाचा तपकिरी तुकडा न शोधता उचलला. लग्नानंतरच्या पहिल्या वरणात चिंच जास्त पडली होती आणि त्यांनी ते मागून घेऊन खाल्ले होते. मग रागाकरिता त्यांनी एकामागून एक लाल तुकडे लावून पाहिले, एकही शोभेना. तेव्हा दौलू म्हणून जुने कारागीर होते, त्यांनी अगदी फिकी पिवळी काच पुढे केली.

"ही घ्या. हळदीचे पाणी. याहून जास्त तुम्ही कधी तापलाच नाहीत, वहिनी सांगायच्या."

काच शोभली आणि विठोजी पंचमीनंतर प्रथमच हसले.

पुढे सबाजीपंत दाराचे माप घेण्यास खुद्द हत्तीच घेऊन आले, आणि हत्तीने मेणाच्या वासाने सोंड आत घालून जाऊबाईंचा शालू हुंगला. दौलू म्हणाले की पंत, पसंती कळली, पण जाऊबाईंस विचारावे लागेल. माहूतसुद्धा हसला, पंत मात्र माप न घेताच गेले.

ऐसे करीत खिडकी भरत आली आणि एकच खण उरला. त्यात लिहिले होते, 'त्या दिवशीचे आभाळ'. पेटीत उरले निळे सात तुकडे, बाईंनी निवडीकरिता केलेले. कोणता दिवस ते विठोजींस आठवेना. लग्नाचा म्हणावा तर आभाळ पाहण्यास सवड कोणास होती? दौलू म्हणाले, कोणताही लावा, महाराजांस काय कळते.

विठोजी म्हणाले, "तिने सांगितले असेल रे. मी शिसे वितळवीत असेन, हो हो म्हणालो असेन."

आणि त्यांनी त्या खणात साधी पांढरी काच बसविली. दसऱ्यास खिडकी दरबारी उभी राहिली, जाजमावर रंग पसरले, मंडळी खूश जाहली. मग सबाजीपंतांनी पांढऱ्या काचेवर बोट ठेविले आणि खिडकी अपुरी, सबब शाळा हत्तींची, ऐसे बोलिले. महाराजांनी विचारिले आणि विठोजींनी होते तैसे सांगितले.

महाराज बोलिले, "पंत, काम अपुरे आहे म्हणता, मग काम पुरे होईतो शाळा मोडता कशी येईल? हत्ती दुसरीकडे बांधा."

सारांश, हत्ती नदीकाठी गेले आणि पाण्याजवळ सुखी आहेत. शाळेत भट्टी पेटते. सातही निळे तुकडे उत्तरेच्या भिंतीवर लाविले आहेत आणि विठोजी रोज सकाळी पाहतात. त्यांतला कोणता बसवावा हे अद्याप ठरले नाही.